आक्काच्या जिमची फी

जिंतूर,
९ जुलै २०२४

चि. महांतेश,
आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तुमचंही तसंच असो. त्रिवेणीची सर्दी गेली का? तिला म्हणावं, हळद-दूध नुसतं घरच्यांना पाजू नकोस, स्वतःही पी.

सोबत माझा रिटर्न भरायला पेन्शनचा फॉर्म सोळा, बँकेचे कागद आणि विम्याची पावती पाठवली आहे. नीट बघून घे. मागच्या वर्षी एक कागद तुझ्याच टेबलावर हरवला होता आणि बोलणी मला खावी लागली. पाऊसपाणी बरं आहे, सोयाबीन चार बोटं वर आलंय. रस्ते आहेत तसेच.

परवा बोलता बोलता मी फोन ठेवून दिला. रेंज गेली असं तुला वाटलं असेल, तर तसंच वाटू द्यावं असा माझा विचार होता. पण रेंज होती.

तू हसलास. मी साधं विचारलं होतं, की जिमच्या फीला इन्कम टॅक्समध्ये काही सूट मिळते का? तर म्हणालास, "आक्का, या वयात बॉडी बनवायलीस काय? व्यायाम म्हंजे खासगी खर्च. त्याला सूट न्हाई. तपासणीला हाय, विम्याला हाय." कायदा तुला पाठ आहे, त्याबद्दल शंका नाही. पण अजब कायदा आहे बाबा. माणूस आडवा पडला की सूट, आणि उभं राहायला धडपडला तर म्हणे हौस! जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं मी, त्यात हे कुठं नव्हतं.

जिमला का जाते ते मी तेव्हा सांगितलं नाही, कारण हे शेजारीच बसलेले असतात आणि आमचा फोन स्पीकरवर चालतो. म्हणून हे पत्र.

अर्धांगवायू झाल्यापासून तुझ्या दाजींचा डावा हात लुळाच आहे, ते तू बघून गेलास. आणि गळ्यातलं इष्टलिंग तर पूजेला डाव्याच तळहातावर घ्यायचं. म्हणून पूजेच्या वेळी त्यांच्या हाताखाली मी माझा हात धरते. किती वेळा सांगितलं, खुर्चीत बसा, देव काही रागवत नाही. तर म्हणतात, "खुर्चीत बसून दाढी करत्यात. लिंगपूजा न्हाई." झालं! रोज खाली बसवायचं आणि रोज उठवायचं.

मे महिन्यात एकदा पूजा चालू असतानाच त्यांचा तोल गेला. तळहात कलला. आणि महांतेश, मी लिंग धरलं. ह्यांना नाही धरलं. विचार करायला वेळच नव्हता, लिंग खाली पडू द्यायचं नाही ही लहानपणापासूनची शिकवण हातात भिनलेली. हे कुशीवर पडले, कपाळ पाटाला लागलं. एका मुठीत लिंग आणि दुसऱ्या हातानं मी ह्यांना ओढत होते, पण ते जागचे हलेनात. शेवटी दूध घालायला व्यंकटी आला, त्यानं उचललं. वर हेच मला समजावत होते, "लिंग पडू दिलं न्हाईस, लय बरं केलंस." रागावले असते तर मला सोसलं असतं.

कुणालाच बोलले नाही. आमच्या राजूच्या कानावर गेलं असतं तर त्यानं दुसऱ्याच दिवशी आम्हाला पुण्याला हलवलं असतं. तसाही तो, दिवाळीनंतर घर बंद करून या, म्हणून मागं लागला आहे, आणि मामा म्हणून तूही त्याचीच री ओढतोस. तिथं सातव्या मजल्यावर ह्यांच्याशी बोलणार कोण? इथं ओट्यावर बसले की येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जातो. बरं, इथं मदतीला पगारी माणूस ठेवावा, तर तो त्यांना नको. शरम वाटते त्यांना.

म्हणून जिम. बस स्टँडच्या मागं आहे, दुपारी फक्त बायका असतात. साक्षी नावाची मुलगी शिकवते. पहिल्या दिवशी तिला वाटलं, काकू सुनेचं नाव घालायला आल्या! "काकू, कंबरेनं न्हाई, पायानं उचला," हे तिचं पालुपद. लोखंडी दांडी उचलताना माझ्या तोंडून 'अगं आई गं' निघतं, बायका हसतात, मीही हसते. आणि गेल्या आठवड्यात पूजा झाल्यावर मी ह्यांना एकटीनं उभं केलं. दोघंही घामाघूम. म्हणाले, "मोंढ्यात हमालाचं काम मिळंल तुला." लग्न झाल्यापासून एवढं कौतुक पहिल्यांदाच ऐकलं.

आता खरं सांगते. मी फोन ठेवला तो तू हसलास म्हणून नव्हे. पुढं तू म्हणालास, "सूटच पायजे तर दाजींचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढ. त्याची सूट लय मोठी हाय." तू बरोबरच सांगितलंस रे, मलाच ते ऐकवलं नाही. त्यावर 'कायमचं' असं लिहितात ना?

ह्यांनी सगळं ऐकलं होतं. चहा पिऊन कप खाली ठेवला. मग म्हणाले, "काढू की प्रमाणपत्र. मास्तरीणबाई, तुमी जिमला कशाला जायलाव? मला उचलायला, का माझा हात यावा म्हणून?"

वजन मी उचलायचं आणि हात ह्यांचा बरा व्हायचा, असला काहीतरी नवस मी मनातल्या मनात बोलून बसले होते. शिकली-सवरलेली बाई मी!

"न्हाई यायचा तो," हे म्हणाले. "तुझा हाय की."

तेव्हा मी रडले, पोटभर रडले. त्यांनी रडू दिलं.

सोमवारी आम्ही दोघं प्रमाणपत्रासाठी परभणीला चाललोय. तू गाडी पाठवू नकोस, एसटीत ह्यांना मीच चढवणार आहे. डॉक्टर लिहायचं ते लिहोत. राजूला तू सगळं सांग, पडल्याचंही सांग, माझ्याच्यानं ते होत नाही. आणि सांग, की दिवाळीला आम्ही येऊ, पण पाहुणे म्हणून.

फोन ठेवल्याचा राग धरू नकोस.

इथंच राहणारी,
तुझी आक्का