आजीचं तेरमे आणि विहीणबाई

शिराझ, ३ बहमन

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं हस्तलिखित पोचलं. आधी तब्येतीचं विचारते, नाहीतर आई म्हणेल रीत सोडली. पायांची सूज उतरली का? पोटातलं बाळ रात्री झोपू देतं का? बरं. आता भांडते.

तुझ्या विनोदी कादंबरीतली इराणी बाई जर्मन विहिणीला घरातलं जरीचं विणलेलं कापड, आजीचं तेरमे, देऊन बसते आणि मग ते परत मिळवायला चपला हातात घेऊन विमानतळापर्यंत धावते. तिकडचे लोक हसतील, कबूल. पण ती बाई आपली आई आहे, ताई. नारिंगाच्या फुलांचा मुरंबा करते, खडीसाखर दातांत धरून चहा पिते. मावशीसुद्धा पहिल्या पानावर ओळखेल.

आणि आई धावली का? तुझ्या लग्नाला आलेल्या सासूबाईंनी, उर्सुलाबाईंनी, तेरमेचं कौतुक केलं. आई म्हणाली, तुमच्यापुढे त्याची काय किंमत, तुमचंच आहे, घेऊन जा. कोणीही हेच म्हणतं, आणि समोरच्याने नको म्हणायचं असतं. पण उर्सुलाबाईंनी आभार मानले आणि खरंच घडी घातली. आईने हसत हसत बांधायला दोरी शोधून दिली. त्या गेल्यावर नको असलेला कांदा चिरत बसली, आणि आजवर त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. अशा बाईला तू धावायला लावतेस?

दोघींची भाषा समजणारी त्या खोलीत तू एकटी होतीस. तू पिस्ते सोलत होतीस. वसंतात, ओर्दीबेहेश्त महिन्यात माझं लग्न आहे. आजीचं, आईचं, तुझं लग्न त्याच तेरमेवर आरसा मांडून लागलं. माझा आरसा कशावर मांडायचा, हे तेवढं कळव.

रागावलेली असले तरी तुझीच,
नेगीन


हॅम्बर्ग, २० बहमन

चि. नेगीन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सूज आहे तशीच आहे, आणि तुझं पत्र वाचून वाढली. नव्या सुनेने काय सांगायचं होतं? की सासूबाई, माझी आई बोलते ते खरं धरू नका? म्हणजे आई खोटी आणि सासू अडाणी, एका वाक्यात दोघी गेल्या. पुस्तकात आईला पळवलं, कारण एकदा तरी ती धावावी असं मला वाटत होतं.

आता खरी बातमी. ते प्रकरण उर्सुलाबाईंनी वाचलं आणि विचारलं, हे सुचलं कुठून. मी सांगितलं. त्या उठल्या, भिंतीवरून तेरमे उतरवलं आणि तुझ्याहून जास्त संतापल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं मला चोर ठरवून माझ्याच टेबलावर जेवलीस? तुझ्या लग्नाला येऊन त्या स्वतः परत देणार आहेत. मला डॉक्टर विमानात बसू देत नाहीत.

त्यांना पढवलंय की आई दोनदा नको म्हणेल, तिसऱ्यांदा घेईल. पण इथे एकदा नको म्हटलं की विषय संपतो. तेव्हा सांभाळून घे, आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
फरज़ाने


शिराझ, २८ ओर्दीबेहेश्त

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लग्न लागलं. आई माझ्याशी बोलत नाही. का ते सांगते.

लग्नाच्या आदल्या दिवशी उर्सुलाबाईंनी सगळ्यांसमोर तेरमे पुढे केलं. आई म्हणाली, छे, दिलेली वस्तू का कोणी परत घेतं? मी भाषांतर केलं. त्यांनी पुन्हा पुढे केलं. आई म्हणाली, तुमच्या भिंतीवरच ते शोभतं, परत दिलंत तर माझा अपमान होईल. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तू शिकवलेल्या मोडक्या जर्मनमध्ये मी शब्द न् शब्द सांगितला, अपमानासकट.

उर्सुलाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी क्षमा मागितली आणि तेरमे पिशवीत ठेवायला लागल्या. आई हसतच होती, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तशीच दोरी ती पुन्हा शोधायला निघाली, ताई. दोरी.

मी पिशवीत हात घातला. म्हटलं, द्या इकडे, मला हवंय. आधी आपल्या भाषेत, मग त्यांच्या. एकदाही नको न म्हणता. मावशीच्या हातातली बशी वाजली. माझ्या होणाऱ्या सासूबाई छताकडे बघत राहिल्या. आई म्हणाली, या मुलीला घरात कोणी काही शिकवलंच नाही वाटतं. आणि उर्सुलाबाईंनी मला मिठी मारली, म्हणाल्या, या घरात सरळ बोलणारं कोणीतरी भेटलं एकदाचं.

आई अजून रुसलेली आहे. पण तेरमेला इस्त्री तिनेच केली, ओलं फडकं घालून, कोणाला हात लावू न देता. कडेला तुझ्या लग्नातल्या मेणबत्तीचा डाग तसाच आहे. उर्सुलाबाईंना तो नक्षीचाच भाग वाटला होता. आरसा आईने नेमका त्याच्या शेजारी ठेवला.

हे पुस्तकात घालशीलच, तुला ओळखते मी. मग एवढं कर: आईला उभीच राहू दे. धावायला मला लाव.

राग ओसरला की कळवीन, तोवर लोभात कसर नको.

तुझी,
नेगीन