चौकटीबाहेरची ऊब

२२ सप्टेंबर, सोमवार
आज संस्थेत रुजू झाले. जागा आवडली. खिडकीपाशी टेबल, शेजारी एक रिकामी खुर्ची. शिन्चू शहराचा वारा दिवसभर काचा वाजवत होता, तरी खोलीत प्रसन्न वाटलं. काओदादा माझे वरिष्ठ. त्यांनी, यंत्र शहाण्यासारखं चालावं म्हणून संगणकावर ठेवलेली नारळी खाऊची हिरवी पुडी दाखवली. म्हणाले, ही खाल्लीस तर यंत्र रुसेल, आणि तारीख उलटू दिलीस तर मी रुसेन. मी बऱ्याच दिवसांनी हसले. माझ्या केसांतलं सुतकाचं पांढऱ्या लोकरीचं फूल त्यांनी पाहिलं, पण विचारलं काही नाही. माझा नवरा, योंगशुन, गेला त्याला तीन आठवडे झाले. लग्नाला सहा वर्षं झाली असती.

२४ सप्टेंबर
काम असं आहे. अवकाशातल्या वायूच्या दाट गोळ्यावर आघातलाट आदळते. पुढे काय होतं ते संगणकावर पाहायचं. उष्णता आत कोंडली तर गोळा फाटून विरून जातो. वायूला उष्णता बाहेर टाकू दिली तर तो थंड होतो, दबतो, त्याच्या घट्ट गाठी होतात आणि त्या टिकतात. ही उष्णता जाते कुठे, मी विचारलं. गणिताच्या चौकटीबाहेर, काओदादा म्हणाले, बाहेरचं आपण मोजत नाही. बाहेर तर आपणच बसलोय, मी म्हटलं. मग घे शेकून, म्हणाले.
प्रत्येक गणिताला नाव द्यावं लागतं. मला एकच सुचलं. योंगशुन.

२६ सप्टेंबर
गोळा टिकला. शेजारच्या खुर्चीवर कागद ठेवायला गेले तर गादी गरम, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. सकाळपासून तिथे कोणी बसलं नव्हतं. हात तसाच ठेवून बसले. घरी येऊन पोटभर जेवले.

२८ सप्टेंबर, रविवार
दर सातव्या दिवशीचा विधी, आज चौथा. त्याच्या फोटोपुढे भात, वाफवलेला मासा, मुळ्याच्या वड्या मांडल्या. तो जेवला का, हे विचारायला सासूबाईंनी लाकडी चकत्या टाकून कौल लावला. तिन्ही वेळा नकार. म्हणाल्या, जेवला नाही असं नव्हे, तो आलेलाच नाही. मग माझ्याकडे वळल्या. तू त्याला भलतीकडे हाक मारलीस का गं? अंत्ययात्रेत प्रत्येक पुलावर आपण सांगत होतो ना, योंगशुन, पूल आला, चल. गेलेला माणूस हाकेमागे जातो. एकोणपन्नास दिवस हाक मारायची ती या ताटावरच.
मी नाही म्हटलं.

२ ऑक्टोबर
गणित पुढे चालू ठेवलं. गाठी आणखी लहान, आणखी घट्ट. खुर्ची जास्त गरम. दुपारी तिच्यावर डोकं टेकून झोपले. काओदादांनी चिडवलं, खुर्चीशी लग्न लावतेस की काय? आणि लगेच जीभ चावली.

५ ऑक्टोबर
पाचवा विधी. पुन्हा नकार. सासूबाई चकत्या टाकत राहिल्या. माझं पोर उपाशी आहे गं, म्हणाल्या, कोणीतरी धरून ठेवलंय त्याला.

७ ऑक्टोबर
आज आकडे नीट वाचले. लाट दाबते म्हणून वायू तापतो. ती उष्णता बाहेर पडते म्हणून तो आणखी दबतो. म्हणजे खुर्ची जितकी गरम, तितका तो तिथे— चिरडला जातोय. आणि विरूनही जाता येत नाही त्याला.
गणितातली एक ओळ पुसली की थंड होणं थांबेल, गोळा विरेल, तो सुटेल.
पुसली नाही. उद्या.

१२ ऑक्टोबर
सहावा विधी. सासूबाईंना खरं सांगितलं. ओरडल्या नाहीत. पुढच्या रविवारी शेवटचा, म्हणाल्या, मग त्याची वाट बंद होईल. सोड त्याला, पोरी. शब्द दिला.

१५ ऑक्टोबर
ओळीपर्यंत गेले. खुर्ची करकरली. ऊब माझ्या गुडघ्याला टेकली— कशी पुसू?

१८ ऑक्टोबर
गाठी राहिल्या नाहीत. एकच. ठिपक्याएवढी. खुर्चीला हात लावला की भाजतो. तरी बसलेय शेजारी.

१९ ऑक्टोबर, सकाळ
आज शेवटचा विधी. घरी न थांबता इथे आले. सासूबाईंचा फोन: पुसलीस? हो म्हटलं.
खोटं.

दुपार
आता पुसली. खरंच पुसली. पण गाठ विरत नाही. लाट तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जातेय. फार घट्ट झालाय तो. उशीर—

खुर्ची गार पडली. एकदम.

पडद्यावर गाठ नाही. कुठेच नाही.

सासूबाईंचा फोन. रडतायत, हसतायत. कौल मिळाला, आला गं माझा बाळ.
फोन कानालाच आहे. हात थांबत नाही म्हणून लिहितेय.
म्हणतात, मासा दगडासारखा गोठला. टेबल वाकतंय. ताटाला तडा गेला. भातावर काहीतरी काळं आहे, तिळाएवढं.
हात लावू नका म्हटलं.
म्हणतात, इतका लहान कसा झालास रे—
उचलू नका, आई, तो आता ऊब बाहेर टाकत नाही, ओढून घेतो—
ऐकत नाहीत. उचलेना, म्हणून तोंडच जवळ नेऊन त्याला फुंकर घालतायत, ऊब मिळावी म्हणू