नापासांची सहल

१२ डिसेंबर, शुक्रवार

नाही. माझं नाव नाही. धीरजचं आहे!

शोधलं, मोबाईल बंद करून चालू केला, परत शोधलं. म्हणजे मोबाईलचीच काही चूक असावी! यूपीएससीचा शेवटचा प्रयत्न होता. मुलाखतीपर्यंतसुद्धा पोचले नाही, लेखी परीक्षेतच पानिपत.

रडू येईल असं वाटलं होतं. भूक लागली. खाली जाऊन छोले-कुलचे खाल्ले आणि आणखी एक प्लेट मागवली. तेवढ्यात धीरजचा फोन. तोंडात घास. "अक्षता, तू—" म्हटलं, मेल्या, तू मुलाखतीची तयारी कर, माझं सांत्वन करायला येऊ नकोस. आणि ठेवला फोन. दुसरी प्लेट मात्र तशीच राहिली.

१३ डिसेंबर

आज शनिवार. निकालानंतरचा पहिला शनिवार म्हणजे आमचा सहलीचा दिवस. नापासांची सहल!

सुरुवात समर्थने केली. दिल्लीत आल्याच्या पहिल्याच वर्षी आम्ही चौघंही लेखी परीक्षेत आपटलो — समर्थ, स्वरूपा, धीरज, मी. क्लासवाल्या पोरांनी भरलेल्या राजेंद्रनगरात तोंड दाखवायची सोय नव्हती. जो तो विचारणार, कितीने गेलं? समर्थ म्हणाला, चलो, आग्रा. जनरलच्या डब्यात, संडासाच्या दाराशी उभं राहून त्याने नियम केले. परीक्षेचं बोलायचं नाही. घरचं बोलायचं नाही. पुढचं बोलायचं नाही. जो बोलेल त्याने सगळ्यांच्या बॅगा उचलायच्या. आणि पास झालेल्यांना सहलीत मनाई!

मग दर निकालाला एक गाव. आग्रा, ग्वाल्हेर, अलवर, मथुरा. शिवाय दर जानेवारीत पानिपत. शनिवारी जायचं, रविवारी परत. पुढे समर्थ वनखात्यात लागला. स्वरूपा दुसरी परीक्षा देऊन दिल्लीतल्याच एका मंत्रालयात चिकटली, लग्न करून गाझियाबादला गेली. उरलो धीरज आणि मी. आम्ही दोघं मात्र मन लावून नापास होत राहिलो.

आता तोही पुढे गेला. बरं वाटतंय, खरंच वाटतंय. पण सहलीला जायचं कोणाबरोबर?

१५ डिसेंबर

आईचा फोन. "आता बास गं पोरी. खूप झालं." मी म्हटलं, हो. "जानेवारीत ये. एक स्थळ आहे, माणसं बघायला यायची म्हणतायत." मी म्हटलं, येते.

इतक्या सहज कशी म्हणाले? आई तर भांडणाच्या तयारीने बसली होती बिचारी.

खोली जानेवारीच्या मध्यावर सोडायची. तोवरचे शनिवार-रविवार माझे. घरी मेहकरला गेल्यावर कुठलं ग्वाल्हेर आणि कुठलं अलवर! जुनी गावं एकदा फिरून घेते. एकटी तर एकटी.

२० डिसेंबर, आग्रा

धुकं! गाडी रखडत रखडत पोचली. ताजमहाल दिसलाच नाही. अजिबात नाही!

पहिल्या खेपेलाही असंच होतं. आम्ही चौघं त्या पांढऱ्या पडद्यासमोर कुडकुडत उभे, आणि समर्थ म्हणतो, "इथे ताजमहाल आहे असं मानून चला." धीरजने लगेच मान वर करून, "वा, काय संगमरवर आहे!" शेजारचे दोन म्हातारे खरंच तिकडे बघायला लागले. किती हसलो होतो. स्वरूपाला उचकी लागली होती.

आज एका नव्या जोडप्याने फोटो काढायला सांगितला. काढून दिला. मागे नुसतं धुकं. ती मुलगी नवऱ्याला म्हणाली, "कोई बात नहीं, हम तो दिख रहे हैं ना." मला इतका धीरज आठवला की मी तिथून निघूनच आले.

२१ डिसेंबर

पेठा आणला, द्यायचा कोणाला? सगळा मीच खाल्ला. दाढ ठणकतेय.

२५ डिसेंबर

चहाच्या टपरीवर धीरज भेटला. मुलाखतीसाठी कोट शिवलाय, तो घालून आला होता दाखवायला. म्हटलं, वरातीतला बँडवाला दिसतोस. हसला, पण कोट काढला नाही. खरं म्हणजे चांगला दिसत होता.

डिंकाचे लाडू आणले होते. त्याची मामी दर हिवाळ्यात उदगीरहून पाठवते. मामाच शिकवतोय त्याला, वडील गेल्यापासून. लाडू एकदम खमंग. मामी भेटली तर पाया पडेन.

"शनिवारी कुठे जाणारेस?"

"ग्वाल्हेर."

"मी येऊ?"

"पास झालेल्यांना मनाई."

"अगं, अजून कुठे पास झालोय?"

"नियम म्हणजे नियम. आणि तुझी सराव-मुलाखत आहे ना शनिवारी?"

तो वळून टपरीवाल्याला म्हणाला, "भैया, एक और देना, मॅडम गुस्से में है." कोण गुस्से में!

२७ डिसेंबर, ग्वाल्हेर

किल्ल्यावर भिंतीच्या कडेला बसून लिहितेय. ऊन चांगलं पडलंय. खाली सगळं गाव, पतंग, कुठल्या तरी लग्नाचा लाऊडस्पीकर.

दोन वर्षांपूर्वी इथेच बसलो होतो, मी आणि धीरज. त्या वर्षी दोघंही थोडक्यात गेलो होतो. मी तिळाची गजक फोडत होते. तो खाली गावाकडे बघत होता. मग म्हणाला, "अक्षता, घरी ना, माझं—"

मी लगेच बोट वर केलं. "नियम! घरचं बोललास!" आणि दोन्ही बॅगा त्याच्या गळ्यात. अख्खा चढ उतरेपर्यंत त्याने निमूट वाहिल्या. मी मागून चिडवतेय, "कसा हमाल शोभतोस!"

आणि मग अलवरला परत. "अक्षता, ते त्या दिवशी राहिलं सांगायचं—" परत माझं बोट वर. परत बॅगा.

आज त्याच जागी बसले आणि ते एकदम आठवलं. काय सांगत होता तो? घरी माझं — काय? एका माणसाने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मी त्याला गप्प बसवलं. वर हसले! मोठी आली नियमांची कैवारी.

त्यानंतर त्याने कधी विषयच काढला नाही.

लिहूनच टाकते. मला धीरज आवडतो. ही शाई आता पुसायची नाही. कधीपासून ते विचारलं तर सांगता येणार नाही, पण नापास झाल्याचं दुःख शनिवारपर्यंतच टिकायचं आणि शनिवारी मी कुर्त्याला इस्त्री करायचे! जनरलच्या डब्यात चुरगळायला इस्त्रीचा कुर्ता. तेव्हाच कळायला हवं होतं.

घरी माझं लग्नाचं बघतायत, तुझं नाव सांगू का — असं म्हणणार होता? हेच असणार. दुसरं काय असणार!

२८ डिसेंबर

ग्वाल्हेरहून परस्पर गाझियाबादला, स्वरूपाकडे. सगळं सांगितलं. ती कणिक मळायची थांबली.

"अगं यार! तो तुला विचारत होता. बिल्कुल! आणि तू त्याला बॅगा दिल्यास?"

"मला काय माहीत!"

"कप्पाळ माझं. आता तू विचार. आणि निकालाच्या आधी विचार. उद्या तो साहेब झाला आणि मग तू गेलीस, तर लोक म्हणतील, साहेब झाला म्हणून आली. आणि त्याने विचारलं तर तुलाच वाटेल, कीव करतोय."

खरंय. हे मला सुचलंच नव्हतं. नंतर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, मी मला ओळखते. विचारायचं तर आत्ताच. मेहकरला जायच्या आधी, ती बघायला येणारी माणसं पोहे खाऊन जायच्या आधी.

तिची मुलगी अबोली शेजारी बसून ऐकत होती. "मावशी, सहल मतलब?" स्वरूपा म्हणाली, पिकनिक गं. पिकनिक नव्हे ती. पण त्या लेकराला काय सांगणार.

१ जानेवारी

धुकं. धीरजचा मेसेज — "नवीन वर्षाच्या शुभेच्छा, मॅडम." मी तीन ओळी लिहिल्या, पुसल्या आणि "सेम टू यू" पाठवलं. शाबास अक्षता!

४ जानेवारी, अलवर

तळ्याकाठच्या समाधीच्या छत्रीपाशी तीच माकडं, किंवा त्यांची पोरं असतील. मागे इथेच धीरजच्या हातातून कलाकंदाचा डबा नेला होता एकाने. वर कठड्यावर बसून ते एक एक वडी खात होतं आणि धीरज खालून हात जोडून, "भाऊ, निदान डबा तरी परत कर." माकड मराठी असल्यासारखं! मी हसून हसून पायरीवरच बसले होते.

घरी आई-बाबांबरोबरसुद्धा मी इतकी हसलेली नाही. लोक म्हणतात पोरीची उमेदीची वर्षं दिल्लीत वाया गेली. वाचलेलं सगळं विसरेन मी एक दिवस, पण हे नाही विसरणार. मग वाया काय गेलं?

आज डबा घट्ट धरून खाल्ला कलाकंद. चव तीच. मजा नाही आली.

८ जानेवारी

आईला चाचपडून पाहिलं. म्हटलं, समज, मी इकडचा एखादा मुलगा सुचवला तर? 

"आडनाव काय?"

बघा! माणूस कसा आहे, करतो काय, काही नाही. आधी आडनाव! मी म्हटलं, समज म्हटलं गं. तर हळूच म्हणाली, "उदगीरचा का? तो लाडूवाला?" अगं बाई! हिला कसं कळलं? मी एवढं बोलते का त्याच्याबद्दल?

"बाबांचं मी बघते," म्हणाली. "पण त्याला विचारलंस का आधी?"

११ जानेवारी

विचारलं. म्हणजे येतोस का, एवढंच विचारलं. "पुढच्या रविवारी पानिपत. येतोस? सगळे नियम रद्द."

लगेच उत्तर! "नक्की येतो. मलाही बोलायचंय तुझ्याशी. कधीपासून."

कधीपासून! मी खोलीत उड्या मारल्या. खालची आंटी वर येऊन विचारून गेली, "बेटा, सिलेक्शन हो गया क्या?"

स्वरूपाला फोन केला तर ती ओरडली, "लग्नाचं विचारायला पानिपत? दुसरं गाव नाही मिळालं तुला?" तिला आठवत नाही. चौदा तारखेला इथली सगळी मराठी पोरं काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, जातात. घोषणा, झेंडे, भाषणं. आम्ही मुद्दाम नंतरच्या रविवारी जायचो, सगळं शांत झाल्यावर. समर्थ म्हणायचा, हरलेल्यांना भेटायला नापासांनीच जावं. शेंगा खात बसायचो तिथे उन्हात. मला तीच जागा हवीय.

१४ जानेवारी

तिळगूळ घेतलेत. दुकानातले, बरे आहेत.

काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. "धीरज, आपण दोघं—" पुढे हसूच येतं. इतके निबंध लिहिले या मुलीने, साम्राज्यांच्या ऱ्हासावर, हवामानावर, कशाकशावर! आणि एक वाक्य जुळवता येत नाही. आधी त्यालाच बोलू द्यायचं. दोन वर्षांचं उधार आहे त्याचं. त्याचं झालं की मी नुसतं हो म्हणेन.

१७ जानेवारी

कुर्त्याला इस्त्री केली. झोप येत नाहीये. सामान जवळजवळ बांधून झालंय, खोली ओळखू येत नाही. सकाळची गाडी पकडायची आहे.

१८ जानेवारी

आधी त्यालाच बोलू दिलं. स्मारकामागच्या उन्हात बसलो होतो. मामाच्या मुलीशी, राधाशी, त्याचं ठरलंय. ग्वाल्हेरच्याही आधीपासून. मेमध्ये लग्न. तेच सांगत होता. "तू बोलूच दिलं नाहीस गं, अक्षता."

मग म्हणाला, "तुलाही काहीतरी सांगायचं होतं ना?"

म्हटलं, हो. मंगळवारी खोली सोडतेय.