ढोकाच्या पायातलं कडं

माय, आज शिंदखेड्याच्या रस्त्याला, नांगरलेल्या रानात ढोक उतरलेत. पांढरेधोप, लाल चोच, लाल पाय, आणि काळ्या ढेकळांतून चालतात कसे, जसं वऱ्हाडच आलंय! तुला सांगायचं राहिलेलं आज सांगूनच टाकते.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. आपल्या कपाशीच्या काटेरी कुंपणात असाच एक ढोक अडकला होता. तू त्याच्या डोळ्यांवर पदर टाकलास, तसा तो गप्प झाला. भाऊ पंख सोडवतोय आणि मधेच ओरडतो, "पायमा कडं शे! चांदीनं शे, काढी लेऊत!"

"हात लावू नको. कोनी तरी मायनी घालेल शे," तू दटावलंस.

"पाखरूले कसानी माय नि कसानं कडं?"

"अक्कल तर तुले भी नही, तरी भाकर देस ना मी?"

मी पोट सावरत हसतेय. कड्यावर इंग्रजी अक्षरं होती. तू म्हणालीस, "उतारी ले, पन कडं राहू दे. त्यानी माय वळखी कशी?" रांगोळी काढावी तशी मी ती पाटीवर उतरवली. मग तू त्याला सोडलंस. तो धडपडला, आता पडतो की काय असं झालं, आणि उडाला की गं! शाळेतल्या गुरुजींनी अक्षरांतला पत्ता लावून तिकडे कार्ड टाकलं.

उत्तर आलं ते मोठी लढाई संपल्यावर. तू तेव्हा नव्हतीस. गुरुजींनी मला वाचून दाखवलं. समुद्रापलीकडच्या एका गावात, घराच्या छपरावर त्याचं घरटं होतं. कडं घालणारी माय नव्हती गं, शिडीवर चढलेला एक बाप्या होता! पाखरं कुठून कुठं जातात ते कळावं म्हणून तिथली माणसं पिल्लांना कडी घालतात, समुद्राकाठी दुर्बिणी लावून बसतात. हेच त्यांचं काम! आपला ढोक किती मुलुख ओलांडून आपल्या कुंपणात आला होता, बघ. पण तो परत पोचला का, ते त्यांनाही ठाऊक नाही. लढाईत ती छपरंच उरली नाहीत. पुन्हा दिसला तर कळवा, असं त्यांनीच आपल्याला लिहिलंय.

आज नातू म्हणाला, "आजी, जवळ जाऊन पाय बघू या का?" मी त्याचा हात धरून ठेवला. म्हटलं, उडून जातील. खरं तुलाच सांगते, माय: लांबून बघितलं की त्यातला एक आपला असतो.