दुसरा डोळा

बाबा, मूर्तीचे डोळे तुम्ही नेहमी शेवटी काढायचात. बाकीचा रंग वाळला की दार लोटून घ्यायचात आणि एका बैठकीत दोन्ही. "डोये उघडल्याबिगर देव जागचा हालत नाई," असं तुम्हीच मला सांगितलं होतं, म्हणजे पुढे जे झालं त्यात थोडा दोष तुमचाही आहे. तेव्हा गावाला चांदाच म्हणत. मी नऊ वर्षांची होते. तुमच्याशी भांडून माय धानोऱ्याला माहेरी गेली, त्याला दोन महिने झाले होते आणि तुम्ही तिचं नावही काढत नव्हतात. वेशीबाहेर लालपेठेत त्या प्रचंड दगडी मूर्ती उघड्यावर पडलेल्या. मला वाटलं, यांचे डोळे उघडायचे राहून गेलेत. नाहीतर एवढे मोठे देव कशाला लोळत पडतील?

भर दुपारी तुम्ही जेवून लवंडलात आणि मी काळ्या रंगाची वाटी नि कुंचला उचलून लालपेठेकडे निघाले. वेशीवरचा दगडी सिंह मान वळवून बघतोय, त्याच्या पायाखालचा हत्ती सोंड हलवतोय. मी त्यांना दटावते, "थांबा, आधी मोठ्याले उठवू द्या." सगळ्यात मोठ्या मूर्तीवर चढते, एक डोळा काढते आणि तिच्या कानात सांगते, "धानोऱ्याले जा. माझ्या मायले घेऊन ये." तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. कुंचला तिथेच टाकून मी पळत सुटले. मागे दगड घासल्याचा आवाज. वेशीवरून हत्ती उतरला, सिंह उतरला, सगळं गाव धपधप चालू लागलं, तुमची शपथ! वळून बघायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी चार माणसं दारात. "भाऊ, देवाच्या तोंडाले काळं कोनं फासलं? कुंचला तुमचाच सापडला." तुम्ही माझी बोटं पाहिलीत. "मीच. नवस होता," म्हणालात, आणि सगळ्यांदेखत जाऊन मूर्ती धुऊन आलात. मला मारलं नाहीत. "काऊन केलं?" एवढंच विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पण एकच डोया? अर्ध्यावर सोडलेलं काम मले चालत नाई." सकाळी मला शेजारच्या चाचीकडे ठेवून निघून गेलात. चौथ्या दिवशी मायला घेऊनच आलात. मी तिला सांगत सुटले, दगडाच्या देवानं तुला आणलं. तुम्ही नुसती मान डोलावलीत.

तेव्हापासून अर्धवट काही राहिलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. कुलूप लावून तीनदा परतते. हे पत्रही पाठवायचं नाही, तरी पुरं करायचंय. तुम्ही गेलात त्या दिवशी तुमचे डोळे मिटायला सगळ्यांनी मला पुढे केलं. मी एकच मिटला. दुसरा मायनं मिटला. पोरीचा हात थरथरला, असं सगळे म्हणाले.

हात थरथरला नव्हता, बाबा. तो डोळा मी मुद्दाम उघडा ठेवला होता. अर्ध्यावर सोडलेलं काम तुम्हाला चालत नाही ना.