गुबगुबीत मासे

सापगाव, बुधवार

ती. विठूदादास माधुरीचा नमस्कार.

तुझी साखर, वहिनीची कंबर आणि तुझी सरकारी मोटारसायकल तिन्ही बऱ्या असाव्यात. आम्हीही बरे आहोत, असं लिहिणार होते. पण ते खरं की खोटं ते उद्या कळेल. (फोन केला नाही, कारण फोनवर मी सहज खोटं बोलते.)

धाकटे भाऊजी कुंडलिक चार दिवस हुडहुडी भरून पडलेत. आशाताईंनी रक्त नेलंय, रिपोर्ट उद्या. तू आरोग्यसेवक, म्हणून तुलाच सांगायला हवं, की या तापामागे बहुधा मी आहे.

आमच्या हौदात तू पंधरा गप्पी मासे सोडलेस. अळ्या खातील, डास संपतील, म्हणालास. आठवड्यात अळ्या संपल्या आणि मला घोर लागला, आता हे खाणार काय? पाहुण्याला उपाशी ठेवायची रीत आपल्याकडे नाही. रोज सकाळी मूठभर तांदळाचा कोंडा टाकू लागले. मासे फुगले. सासूबाई म्हणाल्याही, "मासं पालतेस का मच्छर गो?" मी हसले. (मी बी.एस्सी. आहे, हे त्या हसण्यात होतं.) त्यात तू फोटो काढून मुरबाडभर दाखवलेस, अळ्या खाऊन बघा कसे गुबगुबीत झालेत! तेव्हाच बोलायला हवं होतं. स्तुती ऐकत उभी राहिले.

काल वाकून पाहिलं. कोंडा तरंगतोय, त्याचा बुळबुळीत तवंग झालाय आणि त्याला लागून मलेरियाच्या डासाच्या अळ्या आडव्या पडून चरताहेत (आडव्या त्या मलेरियाच्या, हे तूच शिकवलंस). खाली मासे, तृप्त. म्हणजे मी दोन्ही पंगती वाढत होते. डायरीत पहिला कोंडा आणि भाऊजींचा ताप यांत छत्तीस दिवस. अळीचा डास होऊन, त्याच्यात जंतू वाढून मग माणसाला ताप यायला साधारण तेवढेच लागतात. जुळू नयेत म्हणून तीनदा मोजले.

हौद आज उपसला. पण शुक्रवारी तू बचत गटाच्या बायकांना आमचा 'आदर्श हौद' दाखवायला आणणार आहेस. काय दाखवशील?

तुझी,
माधुरी

ता.क. रिपोर्ट आला. मलेरियाच. गोळ्या सुरू झाल्यात, ताप उतरतोय. पाय धरायच्या तयारीने गेले, सगळं सांगितलं. भाऊजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "वैनी, मी पन टाकतो ना भात, पहाटे. कशी तोंडं वर करून बघतात!"

आणखी एक. पत्र भागीमावशीबरोबर एसटीने पाठवतेय. येताना पंधरा उपाशी मासे आण. हे बादलीत बसून माझ्या हाताची वाट बघतात. बायकांनाही आण. हौद दाखवू नकोस, आम्हा दोघा वाढप्यांनाच दाखव.