पापण्या उचलल्याची हकीकत

पेताह तिक्वा, इस्रायल,
मे १९६३

प्रिय युडिथताई,

तुला आणि ठाण्याच्या सर्व मंडळींना धाकट्या बेझालेलचा शालोम. तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही देवाच्या दयेने बरे आहोत, आणि मी तर हल्ली जरा जास्तच बरा दिसतो. (फोटो पाठवत नाही, दचकशील.)

बाबांनी मागे घरदार काही ठेवलं नाही, पण पापण्या मात्र वाटून दिल्या. तुझ्या वाट्याला थोड्या आल्या, माझ्या वाट्याला दोन्ही डोळे झाकतील एवढ्या, शिवाय डोळ्यांखाली पिशव्या. माझी तक्रार नव्हती. पण आमच्या लेकीचं, हेदवाचं, योएलशी जमलं आणि त्याचे वडील अव्राहामभाऊ रीतसर बोलणी करायला आले. हे गृहस्थ मुंबईच्या गोदीत हेडक्लार्क होते आणि मनाने अजून रिटायर झालेले नाहीत. गोदीच्या गोष्टी सुरू झाल्या की समोरच्याने जागचं हलायचं नाही. मी अक्षरन् अक्षर ऐकत होतो गं! पण त्यांनी माझ्या पापण्या पाहिल्या, चहा तसाच ठेवला आणि "मुलीच्या बापाला झोप येतेय, आम्हालाही घर आहे" म्हणून उठले. सोयरीक अडली. योएल म्हणाला, तसंच लग्न करू. हेदवा म्हणाली, सासऱ्याच्या आशीर्वादाशिवाय मी मेंदी लावणार नाही. (बोलते हिब्रूत, पण हट्ट अस्सल कोकणातला.) पोरीचं उतरलेलं तोंड बघवेना, म्हणून डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर रुमानियाचा. बायका दुकानात कापड बघतात तशी त्याने माझी पापणी चिमटीत धरून पाहिली, मग सुई टोचून वरचं जास्तीचं कातडं कापलं, टाके घातले आणि खालच्या पिशव्याही काढल्या. घरी आलो तो दोन्ही डोळे काळेनिळे. शेजारणी मला सूप आणून देऊ लागल्या आणि मल्काशी जपून बोलू लागल्या. माझ्या या बायकोनेही खुलासा केला नाही.

सूज उतरली तर नवीच पंचाईत, डोळे पुरते मिटेनात. (डॉक्टर म्हणतो, होईल हळूहळू.) त्यातच योएलने मिनतवाऱ्या करून बापाला पुन्हा आणलं. दुपारचं ऊन, पोटात नारळाच्या दुधातलं मटण, आणि पुन्हा तीच गोदी. मी खरोखर झोपलो. जागा झालो तेव्हा अव्राहामभाऊ माझा हात दाबत होते. म्हणाले, "बेझालेलभाऊ, पापणी न लववता माझं ऐकणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला!" सोयरीक पक्की. जागा होतो तेव्हा मोडली, झोपलो तेव्हा जमली.

एक मात्र खरं. सूज उतरल्यावर मल्का नीट दिसली. संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये उभं राहून राहून तिच्या डोळ्यांखाली माझ्याहून मोठ्या पिशव्या झाल्यात, आणि मला पत्ता नव्हता. फार वाईट वाटलं.

तुझा,
बेझालेल

ता. क. झोपेत मी मान हलवत होतो म्हणे. तेवढ्यात व्याह्यांच्या सगळ्या गोतावळ्याला एलियाहू हनाबीच्या नावाने नवसाचा मलिदा कबूल करून बसलोय, आणि इथे मलिद्याला पोहे मिळत नाहीत. आपल्याकडचे पातळ पोहे हवेत.

ता. क. दुसरा. मल्का म्हणते, मान मी हलवत नव्हतो, मागून तिचं कोपर हलवत होतं.

ता. क. शेवटचा. पोहे पोस्टाने पाठवू नकोस, तू स्वतः घेऊन ये. आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा, बोट सुटताना, धक्क्यावरून तू ओरडलीस, "बघा, निघतानाही झोपलाय मेला!" मी झोपलो नव्हतो, ताई.